पाऱ्याचे आरसे आणि धमन्यांतील गाठी

जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या रुग्णालयात १८६५ साली २७ वर्षांचा एक शिंपी कारागीर दाखल झाला. दोन जिने चढून तो स्वतःच्या पायांनी वर आला आणि आल्या आल्या इतका गळून गेला, की त्याला लगेच अंथरुणावर झोपवावे लागले. अंगात ताप होता, पोटात दुखत होते, हात बधिर होत होते. मूत्रपिंडे बिघडल्याची लक्षणे लघवीत दिसत होती. दिवसागणिक स्नायूंतील बळ जात राहिले. ज्या बोटांनी तो सुई धरत असे, ती बोटेही लुळी पडली. शेवटी शेवटी त्वचेखाली बारीक गाठी हाताला लागू लागल्या. काही आठवड्यांतच तो दगावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या प्राध्यापकांचे नाव होते आडोल्फ कुसमाऊल.

कुसमाऊल हे नाव वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. मधुमेह हाताबाहेर गेला आणि रक्तात आम्ल साचले, की रुग्ण खोल आणि जोरजोराने श्वास घेऊ लागतो. अतिदक्षता विभागात आजही या श्वासाला ‘कुसमाऊल श्वसन’ म्हणतात. मात्र त्या शिंप्याच्या मृत्यूतून त्यांनी वैद्यकाला दिलेली गोष्ट तितकीच मोठी आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर उलटते आणि तेथे दाह होतो, अशा आजारांना आज ‘व्हॅस्क्युलायटिस’ म्हणतात. या आजारांचा आधुनिक अभ्यास सुरू झाला तो याच रुग्णापासून. हा आजार होतो कशामुळे, हा प्रश्न कुसमाऊल यांना सुटला नाही. तो सोडवण्याची एक वाट मात्र त्यांनी त्याआधीच, आरशांच्या कारखान्यांत, शोधून ठेवली होती.

आडोल्फ कुसमाऊल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८२२ रोजी कार्ल्सरूहेजवळच्या ग्राबेन या गावी झाला. वडील डॉक्टर होते. घरात रुग्णांची ये-जा, औषधांचा वास आणि रात्री-अपरात्री येणारी बोलावणी हे नेहमीचेच. १८४० मध्ये ते हायडेलबर्ग विद्यापीठात वैद्यक शिकायला गेले. विद्यार्थिदशेतच जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहता यावे म्हणून त्यांनी एक उपकरण करून पाहिले. ते साधले नाही. काही वर्षांनी, १८५१ मध्ये, हेल्महोल्ट्झ यांनी ते करून दाखवले. पण शरीराच्या आत प्रत्यक्ष डोकवायचे, ही ओढ कुसमाऊल यांना पुढे आयुष्यभर राहिली.

सैन्यात डॉक्टर म्हणून काम केल्यावर १८५० मध्ये त्यांनी ब्लॅक फॉरेस्टच्या दक्षिणेला कांडर्न या छोट्या गावात दवाखाना थाटला. डोंगराळ मुलूख, लांबलांबची वस्ती, कडाक्याची थंडी. हवापाणी कसेही असले तरी रुग्णाच्या घरी जायचे. तीन वर्षांत या दगदगीने त्यांना गाठले. ते गंभीर आजारी पडले आणि पायांतील शक्ती गेली. हळूहळू ती परत आली, पण खेड्यातील डॉक्टरकी पुन्हा झेपणार नव्हती. तिशी ओलांडलेला, संसार असलेला हा माणूस मग पुन्हा विद्यार्थी झाला. वुर्झबुर्ग येथे रुडॉल्फ फिरखो शिकवत होते. आजार म्हणजे शरीरातील पेशींमध्ये आणि ऊतींमध्ये झालेला बदल आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचा असतो, हा नवा विचार त्यांच्याभोवती आकार घेत होता. कुसमाऊल यांनी तो आत्मसात केला, पदवी मिळवली आणि ते हायडेलबर्गला शिकवू लागले.

याच काळात त्यांच्या हातून एक गमतीची गोष्ट घडली. कवी मित्र लुडविग आइखरोट यांच्यासह त्यांनी एका भाबड्या खेडवळ शाळामास्तराच्या नावाने विनोदी कविता रचल्या. त्या १८५५ पासून एका विनोदी साप्ताहिकात येऊ लागल्या. मास्तराचे आडनाव त्यांनी ठेवले होते बीडरमायर. पुढे जर्मन भाषिक प्रदेशातील एका संपूर्ण कालखंडाच्या घरसजावटीला, चित्रकलेला आणि राहणीमानाला हेच नाव चिकटले.

१८५९ मध्ये कुसमाऊल एर्लांगन विद्यापीठात प्राध्यापक झाले. एर्लांगन, फ्युर्थ आणि न्यूरेम्बर्ग हा पट्टा तेव्हा आरशांसाठी प्रसिद्ध होता. आरसा करण्याची रीत अशी होती : सपाट मेजावर कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा चोळायचा, आणखी पारा ओतायचा आणि वरून काच अलगद सरकवायची. मग काचेवर वजने ठेवून जादा पारा निथळू द्यायचा. पारा साध्या खोलीच्या तापमानालाही वाफ होऊन उडतो. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून शेगडी पेटवलेल्या खोलीत तिचे प्रमाण वाढत जाई. या खोल्यांत वर्षानुवर्षे काम करणारे स्त्री-पुरुष कामगार कुसमाऊल यांच्या रुग्णालयात येत.

त्यांच्या हिरड्या सुजलेल्या असत, दात हलत, तोंडातून लाळ गळे. हात थरथरत, इतके की घास तोंडापर्यंत नेणे अवघड व्हावे. स्वभावही बदलत असे. चांगला धडधाकट माणूस बुजरा, चिडका होई आणि कोणी नुसते पाहत असले तरी गोंधळून जाई. कुसमाऊल यांनी या कामगारांना तपासले, त्यांच्या कामाची माहिती घेतली आणि सगळे बारकाईने नोंदवून ठेवले.

या नोंदींमागे एक मोठा वाद होता. त्या काळी सिफिलिस या गुप्तरोगावर पारा हेच मुख्य औषध होते. काही डॉक्टरांचे म्हणणे असे, की या रोगाच्या उशिराच्या टप्प्यात हाडांचे आणि त्वचेचे जे भयंकर नुकसान दिसते, ते रोगामुळे होतच नाही, ते पाऱ्यामुळे होते. रुग्णालयातील रुग्णांकडे पाहून हा वाद मिटणे शक्य नव्हते, कारण त्यांच्या शरीरात रोगही होता आणि पाराही. कुसमाऊल यांनी वेगळी माणसे निवडली : ज्यांच्या अंगात पारा भरपूर गेला होता, पण ज्यांना सिफिलिस नव्हता. आरसे करणारे कामगार नेमके तसे होते. त्यांच्यात थरथर होती, तोंडाचे व्रण होते, पण सिफिलिसची ओळख मानली जाणारी लक्षणे नव्हती. दोन आजार वेगळे आहेत, हे १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने दाखवून दिले.

एखाद्या घटकाने आजार होतो का, हे ठरवायचे तर तो घटक ज्यांच्या वाट्याला आला आणि ज्यांच्या वाट्याला आला नाही, अशा माणसांची तुलना करायची. आज पर्यावरण आणि आजार यांच्यातील नाते शोधताना संशोधक हीच पद्धत, अर्थात मोठ्या संख्येवर आणि गणिताच्या आधाराने, वापरतात. कुसमाऊल यांनी ती थरथरत्या हातांच्या कामगारांवरून मांडली होती. पुढे काचेवर चांदीचा मुलामा देण्याची रीत रूढ झाली आणि पाऱ्याचे आरसे मागे पडले.

एर्लांगनहून कुसमाऊल १८६३ मध्ये फ्रायबुर्गला आले आणि तेथे दोन वर्षांनी तो शिंपी त्यांच्यासमोर आला. या वेळी कोडे उलटे होते. आरशांच्या कामगारांत कारण माहीत होते आणि आजाराचे रूप शोधायचे होते. येथे आजाराचे रूप डोळ्यांसमोर होते आणि कारणाचा पत्ता नव्हता.

शवविच्छेदन कुसमाऊल यांचे सहकारी, विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ मायर यांनी केले. आतडी, मूत्रपिंडे, हृदय आणि स्नायू यांना रक्त पुरवणाऱ्या मध्यम आणि लहान धमन्यांवर ठिकठिकाणी दाण्यांसारख्या गाठी होत्या, जणू दोऱ्याला पडलेल्या गाठी. असे दृश्य त्याआधी अगदीच कोणी पाहिले नव्हते असे नाही. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की यांनी १८५२ मध्ये तशा धमन्यांचे वर्णन केले होते, पण त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली नव्हती.

कुसमाऊल आणि मायर यांना प्रथम वाटले, की या गाठी जंतांमुळे झाल्या आहेत. ही कल्पना वेडगळ नव्हती. घोड्यांच्या आतड्यांच्या धमन्यांत एक जंत शिरतो आणि तेथे फुगे तयार होतात, हे पशुवैद्यांना माहीत होते. माणसातही तसेच काही सापडले, असे समजून दोघांनी एक छोटे प्राथमिक टिपण छापूनही टाकले. नंतर गाठींचे काप काढून पुन्हा पुन्हा पाहिल्यावर त्यांत जंत नव्हता. धमनीची भिंतच दाहाने सुजली होती, कुठे जाड झाली होती, तर कुठे दुबळी होऊन फुगली होती. १८६६ मध्ये त्याच नियतकालिकाच्या त्याच खंडात त्यांनी सविस्तर लेख लिहून आधीचे मत दुरुस्त केले आणि या आजाराला ‘पेरिआर्टेरायटिस नोडोसा’ असे नाव दिले. धमनीभोवतीचा, गाठी करणारा दाह, असा त्याचा अर्थ. दाह केवळ धमनीभोवती नसतो, तो भिंतीच्या सगळ्या थरांत असतो, हे स्पष्ट झाल्यावर विसाव्या शतकात नाव बदलून ‘पॉलिआर्टेरायटिस नोडोसा’ झाले.

एवढ्या माहितीवरून त्या शिंप्याला काय झाले होते, ते सांगता येते. धमनीची भिंत सुजली की आतली वाट अरुंद होते. त्या वाटेने ज्या अवयवाला रक्त जाते, तो उपाशी राहतो. नसांना रक्त मिळाले नाही, म्हणून हात बधिर झाले आणि स्नायू लुळे पडले. आतड्यांना मिळाले नाही, म्हणून पोट दुखले. मूत्रपिंडांना मिळाले नाही, म्हणून ती निकामी होऊ लागली. वरवर पाहता पाच वेगवेगळे आजार वाटावेत, अशा तक्रारींच्या मुळाशी एकच बिघाड होता. व्हॅस्क्युलायटिस ओळखायला आजही उशीर होतो, त्याचे एक कारण हेच आहे.

कुसमाऊल फ्रायबुर्गमध्येच आणखी बरीच मोठी कामे करत राहिले. अन्न पुढे न सरकल्याने जठर फुगलेल्या रुग्णांना त्यांनी नळी घालून जठर धुण्याचा उपाय लागू केला. १८६८ मध्ये तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या मदतीने त्यांनी सरळ नळी घशातून जठरापर्यंत उतरवली. प्रकाश अपुरा असल्याने आतले नीट दिसले नाही, पण आजच्या एंडोस्कोपीच्या इतिहासात या प्रयोगाचे स्थान पहिल्या पानावर आहे. मधुमेहातील श्वासाचे वर्णन त्यांनी १८७४ मध्ये केले. १८७६ मध्ये ते स्ट्रासबुर्गला गेले आणि पुढच्याच वर्षी वाचेच्या विकारांवरचा त्यांचा ग्रंथ आला. दृष्टी चांगली असूनही लिहिलेले शब्द वाचता न येणे, या विकाराचे त्यात वर्णन आहे. निवृत्तीनंतर ते हायडेलबर्गला परतले. तरुणपणाच्या आठवणींचे त्यांचे पुस्तक १८९९ मध्ये निघाले आणि लोकप्रिय झाले. २८ मे १९०२ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तोवर शिंप्याच्या आजाराचे कारण सापडले नव्हते. त्यासाठी १०० वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १९६०च्या दशकात हिपॅटायटिस बी या विषाणूची खूण रक्तात ओळखता येऊ लागली. १९७० मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधील संशोधकांना पॉलिआर्टेरायटिस झालेल्या काही रुग्णांच्या रक्तात हीच खूण आढळली. विषाणूचे कण आणि त्यांच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे यांची जोडी जमते, ती धमन्यांच्या भिंतीत अडकते आणि तेथे दाह पेटतो, असे चित्र उलगडले. फ्रायबुर्गच्या त्या रुग्णाला हा विषाणू होता की नव्हता, हे आता ठरवता येणार नाही. पण कारण बाहेरून आलेले असू शकते, हा कुसमाऊल यांचा पहिला संशय अगदीच गैर नव्हता. जंत खोटा ठरला, तरी काही रुग्णांत तरी बाहेरचा एक जीव खरोखरच होता.

याचा व्यवहारात फायदाही झाला. रक्तपेढ्यांत रक्ताची तपासणी सुरू झाली, हिपॅटायटिस बीची लस आली आणि फ्रान्ससारख्या देशांत विषाणूमुळे होणाऱ्या पॉलिआर्टेरायटिसचे रुग्ण बरेच घटले. ऑटोइम्यून आजार टाळता येत नाहीत, असा सर्वसाधारण समज आहे. या आजाराचा निदान एक प्रकार तरी लसीने टाळता येतो. भारतातही ही लस बालकांच्या सार्वत्रिक लसीकरणात समाविष्ट आहे.

लहान रक्तवाहिन्यांच्या दाहाबाबत दुसरा पुरावा मिळाला तो धुळीचा. या आजारांपैकी काहींत रुग्णाच्या रक्तात ‘अँका’ नावाची प्रतिपिंडे सापडतात. ती शरीराच्याच पांढऱ्या पेशींवर रोखलेली असतात. फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांना या प्रकाराची झळ जास्त बसते. दगड, वाळू, काँक्रीट यांतील सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्यांना हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे अडीच पट असल्याचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसले. सिलिकाचे अतिबारीक कण फुप्फुसातील सफाई करणाऱ्या पेशी गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या पेशी फुटतात, दाह वाढतो आणि एरवी पेशींच्या आत झाकलेली प्रथिने उघडी पडतात. मग प्रतिकारयंत्रणा त्यांनाच शत्रू समजू लागते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जपानमधील कोबे शहरात १९९५ च्या भूकंपात असंख्य इमारती कोसळल्या आणि हवेत प्रचंड धूळ उठली. त्यानंतर तेथील डॉक्टरांना या प्रकारच्या आजाराचे रुग्ण वाढलेले आढळले.

तंबाखूचा पुरावा सर्वांत ठळक आहे. हातापायांच्या रक्तवाहिन्या दाहाने आणि गुठळ्यांनी बंद करून बोटे काळी पाडणारा बर्गर आजार जवळजवळ केवळ तंबाखू घेणाऱ्यांना होतो. विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत तो भारतात चांगलाच परिचयाचा आहे. तंबाखू चघळल्यानेही धोका राहतो. तंबाखू पूर्ण सोडली तर आजार बहुधा थांबतो. सोडली नाही, तर औषधांचा फारसा उपयोग होत नाही आणि बोट, पाऊल कापण्याची वेळ येते. काही औषधांमुळेही अँका प्रकारचा दाह होऊ शकतो. रक्तदाबावरचे हायड्रालाझिन आणि थायरॉइडच्या अतिस्रावावरचे प्रोपिलथायोयुरॅसिल ही त्यांतील दोन. अशा वेळी औषध ओळखून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करणे हाच उपचाराचा पहिला भाग असतो.

पारासुद्धा इतिहासजमा झालेला नाही. गोरेपणाच्या काही बेकायदा क्रीममध्ये तो आजही सापडतो. अशी क्रीम वापरणाऱ्या काही रुग्णांत मूत्रपिंडाचा एक ऑटोइम्यून आजार झाल्याचे केरळमधील डॉक्टरांनी अलीकडेच दाखवले. तो रक्तवाहिनीदाह नव्हे. पण शरीरात शिरलेला पारा प्रतिकारयंत्रणेलाही बिघडवू शकतो, ही बाब आरशांच्या कारखान्यांच्या काळात कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

या सगळ्यांतून एक चुकीचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, की अमुक धूळ किंवा अमुक विषाणू म्हणजेच आजार. तसे नाही. दगडखाणीत आयुष्य काढलेल्या बहुतेकांना व्हॅस्क्युलायटिस होत नाही आणि झालेल्यांपैकी अनेकांनी खाण पाहिलेलीही नसते. हे आजार मुळात दुर्मीळ आहेत. काही माणसांच्या जनुकांची ठेवण अशी असते, की बाहेरची एखादी ठिणगी त्यांच्यात आग लावू शकते. जनुके बदलता येत नाहीत. ठिणगी मात्र कित्येकदा दूर ठेवता येते : खडी केंद्रावर आणि दगड कापताना पाण्याचा फवारा मारून, योग्य प्रकारचा मास्क लावून, लस घेऊन, तंबाखू सोडून.

त्या शिंप्याला वाचवण्यासाठी कुसमाऊल यांच्या हाती काहीच नव्हते. १९५० च्या सुमारास स्टेरॉइड्स आली, पुढे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे आली आणि वेळेवर निदान झालेल्या बहुतेक रुग्णांचे प्राण आता वाचतात. म्हणून रेंगाळणारा ताप, कारण नसताना घटणारे वजन, हातपाय बधिर होणे किंवा पाऊल अचानक लुळे पडणे, त्वचेवर जांभळे चट्टे, खोकल्यातून किंवा नाकातून वारंवार रक्त, लाल किंवा फेसाळ लघवी यांपैकी दोन-तीन गोष्टी एकाच वेळी दिसल्या, तर त्यांच्यासाठी वेगवेगळे डॉक्टर गाठण्याऐवजी सगळ्या तक्रारी एकाच फिजिशियनसमोर मांडाव्यात. त्याच वेळी आपण कोणते काम करतो, कोणत्या धुळीत वावरतो, कोणती औषधे, क्रीम आणि तंबाखू वापरतो, हेही न विचारता सांगावे. डॉक्टरांच्या घाईत हा प्रश्न अनेकदा राहून जातो. एर्लांगनच्या रुग्णालयात थरथरत्या हातांच्या कामगारांना कुसमाऊल यांनी तो विचारला होता, आणि म्हणूनच तेथे त्यांना उत्तर सापडले.